कोटवाल्याचा दुसरा भाग

त्या दिवशी अंगणात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको की आम्ही तिथे नव्हतो. माझी आई होती, हातात काठी घेऊन. आबा होते, म्हणजे माझे वडील, ओट्याच्या कडेला तंबाखू मळत बसलेले. माझा मोठा भाऊ वसंतदादा होता, आंघोळ करून, केस चापून बसवून, टीव्ही लावायच्या तयारीत. त्याची बायको मंगलवहिनी होती, लग्नाला दोन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. बाजूच्या वाडीतली फिलूमावशी होती. ती दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून सरळ आमच्याकडे टीव्ही बघायला यायची, तिच्याकडे नव्हता. आणि मी होती, कुंदा, घरातली धाकटी, लग्न ठरलेली. सहा माणसं. आईच्या काठीच्या टोकाला एक कापड लोंबत होतं, ते तिने अंगणात मधोमध टाकलं. बाईच्या चार दिवसांचं कापड. ते लिहायला मला लाज वाटत नाही. त्या काठीची मात्र मला अजून किळस येते. पुढे किती वर्षं ती काठी दाराआड उभी होती, केळीचे घड पाडायला, कुत्री हाकलायला. मी माहेरी गेली की तिला हात लावायची नाही.

आमचं घर होळी नावाच्या बाजाराच्या अलीकडे, वाडीत. पुढे केळी, मागे पानवेल, मध्ये बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं डबकं, विहिरीपेक्षा मोठं नि तळ्यापेक्षा लहान, त्याच्यावरच सगळी वाडी जगायची. पानवेलीत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला व्हायचं. पांगाऱ्याच्या खांबांवर वेली चढलेल्या, वर माडाच्या झापांची सावली, आत हिरवा अंधार आणि नाकाला झोंबणारा तिखट वास. चपला बाहेर काढायच्या. मासळीचे हात घेऊन आत जायचं नाही. आणि बाईने त्या चार दिवसांत वेलीच्या बांधावरसुद्धा पाय द्यायचा नाही. विटाळ लागला की वेल कुजते. हे आईला तिच्या सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. वेलीला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

त्या चार दिवसांत आम्ही मागच्या पडवीत बसायचो. एक गोणपाट, एक तांब्या, एक चेपलेलं ताट. आई लांबून भाकरी टाकायची. वाढायची नाही, टाकायची, पट्कन आवाज यायचा ताटात. कुत्र्याला टाकताना ती थोडी वाकायची तरी. भाकरी तांदळाची, वर सुकट, कधी वालाच्या डाळिंब्या. भूक असायची म्हणून खायची. कापडं आईकडे मोजलेली असायची, एकीला चार. चार धुऊन परत द्यायची, मग ती आपल्या हाताने फडताळाच्या मागे ठेवायची. कोणाचे दिवस कधी येतात त्याच्या कोळशाच्या रेघा तिने कणगीमागच्या भिंतीवर मारलेल्या. माझी नात आता तिच्या वस्तू कपाटात सगळ्यांच्या समोर ठेवते आणि बापाला सांगते, बाबा, पोटात दुखतंय, पाणी गरम करा. तिचा बाप उठून करतो. मी बघते. चांगलं वाटतं एवढंच.

मंगलवहिनी नालासोपाऱ्याची. तिचे वडील मुंबईला कचेरीत कारकून, मूळचे कोकणातले, चाळ सोडून तिकडे फ्लॅट घेतलेला. ती आली तेव्हा पहिल्याच महिन्यात आईने तिला पडवी दाखवली. तर ती भाबडेपणाने विचारते कशी, "आई, किती वाजेपर्यंत बसायचं?" आम्ही हसून हसून मेलो. तिच्या घरी एक खोली आणि स्वयंपाकघर, सहा माणसं, तिथे बाजूला बसणार कुठे? आई मात्र हसली नाही. त्या दिवसापासून आई तिला तोंडावर मंगल म्हणायची आणि पाठीमागे फ्लॅटवाली. वहिनी दहावी शिकलेली, मी चौथी. तिने मला एक जुनी साडी दिलेली, जांभळ्या फुलांची, "गोधडीला घे, तुझ्या रुखवतात ठेवू." ती साडी मी माझ्या पेटीत तळाला ठेवली होती. दिली तेव्हा आम्ही दोघीच होतो.

टीव्ही दादाने आणला. माजघरात, भिंतीच्या खणात ठेवला, वर वहिनीने विणलेला रुमाल. केबलची वायर रस्त्यावरून माडामाडांवरून आमच्या घरात आली. रविवारी सकाळी एक जुनी परदेशातली सिरियल लागायची, हेराची. काळी-पांढरी, मध्येच चित्राला पाऊस लागल्यासारख्या रेघा यायच्या. माणसं गोरी आणि बोलायची हिंदीत, तोंड हलायचं एक आणि शब्द यायचे दुसरेच. त्यातला हेर उंच, कायम लांब कोट घातलेला. त्याचं नाव आमच्या कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला कोटवाला म्हणायचो. वाळवंटात गेला तरी कोट. फिलूमावशी दर वेळी बोलायची, "अगो, ह्याला उकडत नाय काय? आतून घामोळ्यांनी भरला असंल मेला." बघता बघता आमचे हात चालूच असायचे. ओल्या गोणपाटावर पानांचा ढीग, मोठी पानं वेगळी, डागी वेगळी, केळीचं पान घालून करंडी भरायची. डोळे कोटवाल्यावर आणि बोटं पानांवर.

मला त्या सिरियलचं वेड लागलं होतं हे खरं. लग्न ठरलेलं आगाशीकडच्या घरात, तेही पानवेलीवालेच. म्हणजे या पानातून उठून त्या पानात जायचं. तिकडे टीव्ही नव्हता. मी मनात रविवार मोजत होती, अजून इतके राहिले, अजून इतके.

तर एका रविवारी गोष्टीचा अर्धाच भाग लागला. कोटवाला घड्याळं दुरुस्त करणारा बनून एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यात शिरतो. तिथून एक नखाएवढी फिल्म चोरतो. तेवढ्यात झडती सुरू होते. हा धावत स्वयंपाकघरात जातो आणि फिल्म पिठाच्या डब्यात टाकतो. तो डबा तिथल्या स्वयंपाकीण बाईचा. गोल तोंडाची, जाडी बाई, तिने ह्याला घटकाभरापूर्वी वाडगाभर गरम काहीतरी प्यायला दिलेलं. साहेब पण हुशार. दाराच्या उंबऱ्यात पांढरी पावडर टाकून ठेवायचा, कपाटाच्या फटीला केस चिकटवायचा, म्हणजे कोणी उघडलं की कळावं. शेवटी कोटवाला डब्याकडे जातो आणि मागून त्याच्या खांद्यावर एक हात पडतो. संपलं. बाकी पुढच्या रविवारी.

"हात्तिच्या!" दादा ओरडला. आठवडाभर आमच्या घरात दुसरं बोलणं नाही. बावखलीवर, चुलीपाशी, हात कोणाचा, हात कोणाचा. दादा बोलायचा साहेबाचा, मी बोलायची स्वयंपाकिणीचा. आईला तो साहेबच आवडला होता. "शाना मानूस. पावडर टाकून ठेवतो. घरात असाच डोळा पायजे," असं ती दोनतीनदा बोलली, आणि बोलताना वहिनीकडे बघितलं. मी तेव्हा हसली. ते माझं हसणं मला अजून आठवतं.

शनिवारी दुपारी माझे दिवस आले, चार दिवस आधी. पडवीत बसली असती तर टीव्ही दिसला नसता, नुसता आवाज ऐकत बसावं लागलं असतं. खांद्यावर हात कोणाचा एवढं बघण्यासाठी मी ते लपवलं. एवढंच कारण. कोणी जबरदस्ती केली नव्हती, कसलं संकट नव्हतं. फडताळामागची कापडं घेतली असती तर आईला मोजणीत कळलं असतं. म्हणून पेटीतून ती जांभळ्या फुलांची साडी काढली आणि दातांनी फाडली.

रविवारी सकाळी वहिनी मासळी साफ करत होती, मोठी मांदेली आणलेली, तिच्या कोपरापर्यंत खवले. आईचे गुडघे धरलेले. आई चुलीपाशून बोलली, "कुंदे, दोन करंड्या पानं खुडून आन. टीव्ही लागायच्या आत ये."

"मी?" मी विचारलं.

"मग काय आबांना पाठवू? अशी काय बघतेस? जा."

नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं की का ते सांगायला लागलं असतं. अंगठ्याला पत्र्याची नखी घातली आणि गेली. बांधावर चपला काढल्या. वेलीला हात जोडले, पाया पडते, मला माफ कर, असं बोलली आणि शिरली. आत चिखल होता. पाऊस थांबून इतके दिवस झाले तरी दोन सऱ्यांमध्ये घोट्याच्या वर पाणी, काळं, वास मारणारं. आमच्या बांधापलीकडच्या जमिनीवर बिल्डिंगसाठी मातीचा भराव पडत होता. पाणी ज्या ओहोळातून खाडीकडे जायचं तो त्यात बुजून गेलेला. मी पाय उचलून टाकत पानं खुडली. वरून घाम, खालून रक्त, मांडीवरून ओघळ येत होता तो मी पायाने पायाला पुसला. वेलींनी मला काही केलं नाही. पान रोजच्यासारखं कट्‌कन तुटत होतं.

मग बसली टीव्हीसमोर, खाली गोणपाटाची दुहेरी घडी करून. खांद्यावरचा हात एका नोकराचा निघाला, त्याला घड्याळ दाखवायचं होतं, एवढंच. दादा बोलला, "फसवलं साल्यांनी." कोटवाला डब्यातून फिल्म काढतो, पण थोडं पीठ सांडतं. पिठाचा माग काढत साहेब स्वयंपाकघरात येतो. बाईला बोलावतात. ती बोलते, मला काही ठाऊक नाही साहेब. आणि कोटवाला तिथेच उभा असतो हो, घड्याळाची पेटी हातात धरून, चार पावलांवर. ऐकतो सगळं. काही बोलत नाही. एक घड्याळ कानाला लावून ते चालतंय की नाही बघतो. दोन शिपाई त्या बाईला दंडाला धरून नेतात, कमरेला बांधलेलं फडकं तसंच. मग होडी, समुद्र, कोटवाला सिगारेट पेटवतो, हसतो, बाजा वाजतो, खलास.

दादाने टाळ्या वाजवल्या. आम्ही पण वाजवल्या, पानांचे ओले हात.

वहिनी बोलली, "आणि ती बाई? तिला सोडवलं काय त्याने?"

"कोन बाई?"

"ती स्वयंपाकीण. तिचं पुढे काय झालं?"

"तुझ्या नात्यातली होती काय ती?" दादा बोलला. "हिरो सुटला ना? मग झालं तर."

"नको तिथं कळवळा हिचा," आई बोलली. "मासळी जळतेय ती बघ आधी."

फिलूमावशी तेवढी बोलली, "पोरगी बरोबर बोलते. खाल्लेल्या वाडग्याला जागला नाय मेला." पण ती हसत बोलली, मग सगळेच हसले.

पुढच्या पंधरा दिवसांत वेली बसल्या. आधी पानांचं पाणी गेलं, मग देठ काळे पडले, मग बुंध्याशी हात लावला की साल हातात यायची, शेवाळलेली, बुळबुळीत. मेलेल्या उंदरासारखा वास माजघरापर्यंत यायचा. आबा रोज सकाळी जाऊन उभे राहायचे. चाळीस वर्षं पानवेल केलेला माणूस, त्याला कळत नसेल मुळं पाण्यात कुजतात ते? कळत होतं. एकदा मी त्यांना काठीने पाण्याची खोली बघताना बघितलं. पण भराव घालणाऱ्यांशी भांडायला कमरेत जोर लागतो. घरातल्या बाईशी भांडायला लागत नाही. ओहोळ बुजला हे आबांनी तोंडातून काढलं नाही. दादाने पण नाही, तो त्या भराववाल्यांच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायचा.

आईने मात्र शोध सुरू केला. तिच्या अंगात तो साहेब शिरला होता, दुसरं काय. वेलीच्या फाटकाशी चुलीची राख पसरून ठेवायची आणि सकाळी पावलं बघायची. वहिनीच्या ट्रंकेच्या कडीला दोरा बांधून ठेवायची. वहिनी बावखलीवर गेली की तिचे परकर उचलून वास घ्यायची, माझ्या समोर. शी! सख्खी आई माझी, पण ते बघून मला ओकारी आली. आणि मला जवळ घेऊन बोलली, "कुंदे, तू तिच्यावर नजर ठेव. तुझ्याशी बोलते ती. काय लपवते ते मला येऊन सांग." मी मान हलवली. जिने केलं तिलाच राखण ठेवलं. मी काय सांगायची? वहिनी आज दोनदा मागे गेली. वहिनी केळीत उभी होती. खरं तेच सांगायची, त्यात काही नसायचं, पण आई त्यातून काहीतरी काढायची. मला वाटायचं, चार दिवस जातील, नव्या वेली लावतील, विसरतील. सतरा-अठरा वर्षांची होती हे काही कारण नाही. त्या वयाला आम्हाला सगळं कळायचं.

साडीच्या फाडलेल्या तुकड्यांतले बाकीचे मी चुलीत घातले होते. एक ओला होता, जळेना, धूर व्हायला लागला, म्हणून गोठ्यामागे झापांच्या थप्पीत खुपसला आणि मग मला त्याचा विसर पडला. त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आई जाळायला झाप काढायला गेली आणि ते कापड खाली पडलं.

आता अंगणात या.

"हे कोनाचं?" आई बोलली.

बुरशी धरलेलं, कडक झालेलं कापड, एका कडेला जांभळी फुलं स्वच्छ दिसत होती. माशा बसल्या.

"मी विचारते, हे कोनाचं? या घरात ही फुलं एकीच्याच अंगावर बघितलीत मी."

वहिनीने बघितलं. वाकून नीट बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी मिटायला लागतो तेवढा वेळ. मी माझी वेणी हातात धरली होती, ती मी इतकी घट्ट धरली की डोकं दुखायला लागलं. तिला कळलं. आगाशीकडच्यांना कळलं असतं की ठरलेल्या पोरीने विटाळात वेलीत पाय घातला आणि वेल मेली, तर त्यांनी मला दारात उभी केली नसती, ना त्यांनी ना दुसऱ्या कोणी वाडीवाल्याने. हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिलाही आता ठाऊक झालं होतं.

"साडी माझी आहे," ती बोलली.

"साडी विचारली नाय मी. कापड कोनाचं?"

"साडी माझी आहे आई," ती परत तेवढंच बोलली. कोणाला दिली ते बोलली नाही.

"बघा!" आई आबांना बोलली. "लपवते, सगळीकडे शिवते, वेलीत शिरते. फ्लॅटात चालत असंल. माझी वेल खाल्ली हिने."

फिलूमावशी मध्ये पडली. "अगो पन पानी बघा ना तुमच्या वेलीत! माझ्या केळी पन पिवळ्या पडल्यात. मी काय विटाळ केला काय त्यांना, ह्या वयात?"

"तुमच्यात चालतं फिलू, आमच्यात नाय. तू टीव्ही बघायला आलीस ना? मग आत बस."

मावशी आत बसली नाही. चपला पायात घातल्या आणि गेली, त्यानंतर कधी रविवारी आली नाही. आबांनी तंबाखू तोंडात टाकली. दादाने आधी दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग बायकोकडे. "तुला कळत नव्हतं तर विचारायचंस ना कोणाला!" असं बोलला. नवरा हा. एकदा जवळ जाऊन, खरं सांग काय झालं, असं काही त्याने विचारलं नाही.

ठरलं ते असं की तिने थोडे दिवस माहेरी जावं, वेलीचं काय ते होईपर्यंत. ती पडवीत पिशवी भरत होती तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती साडीच्या घड्या घालता घालता, वर न बघता बोलली, "कुंदा, आगाशीला असं लपवू नकोस हां. तिकडे मी नाही." वहिनी थांब, एवढं पण मी बोलली नाही. दादाने तिला स्कूटरवरून नालासोपाऱ्याला सोडलं आणि सिरियल लागायच्या आत तो परत आला. त्याने टीव्ही लावला. मी त्या दिवशी पण बसली, खोटं कशाला बोलू, आणि पानंसुद्धा निवडली, होती ती डागी. काय लागलं होतं ते एक चित्र आठवत नाही.

महिन्याभराने तिचे वडील आले, इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची फणी. केळीच्या वाडीत केळी घेऊन आले बिचारे. ओट्याच्या अगदी कडेला बसले. आईने नुसतं पाणी दिलं, चहा नाही. ते बोलले, "पोरीचं काय चुकलं ते तरी सांगा. ती काही बोलतच नाही."

आबा बोलले, "वेली गेल्या."

"वेली?" ते इकडे तिकडे बघायला लागले. "कुठे गेल्या?"

आई आत जाऊन हसली. मी ऐकलं.

ते बोलले, चूक असेल तर पोटात घाला, तुम्ही आणायला आलात की पाठवतो. आमच्याकडे रीतच तशी, सासरचं कोणी आणायला गेल्याशिवाय पोरीने आपल्या पायाने परत यायचं नाही. आणि आमचं कोणी गेलं नाही. हाकललं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण कोणी हाकललंच नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, दिवाळीनंतर बघू, असं करत दोन वर्षं काढली, मग काडीमोडाचे कागद झाले, मग दादाचं दुसरं लग्न. सगळं हळूहळू, भांडण न करता. त्या हळूहळूपणाची मला त्या काठीइतकीच किळस आहे.

माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आगाशीला मी वीस वर्षं वेलीत काढली. तिथे सांगून बसली प्रत्येक वेळी. दोन पोरं झाली, नवरा लवकर गेला, टोपली डोक्यावर घेऊन पोरं वाढवली, ते काही सांगण्यासारखं नाही, सगळ्याच बायका करतात. इकडे आमच्या वेलीच्या जागी आबांनी परत वेल लावली, ती पण कुजली. तेव्हा घरात फ्लॅटवाली नव्हती. मग कोणाचा विटाळ लागला ते कोणी बोललं नाही, केळी लावल्या, मग केळी पण काढल्या.

आई शेवटचे सात-आठ महिने अंथरुणावर होती. दादाच्या बायकोने हात वर केले, म्हणून मी येऊन राहिली. आईचं सगळं बिछान्यातच. एका सकाळी मी तिच्या अंगाखालची घाण काढत होती, कापड बदलत होती, तेव्हा ती छताकडे बघत बोलली, "तुझ्या परकराला डाग होता त्या रविवारी. टीव्ही बघून उठलीस तेव्हा."

माझा हात थांबला. "कुठल्या रविवारी?"

"तुला ठाऊक हाय कुठल्या."

"तू बघितला होतास?"

"मी नाय बघनार तर कोन बघनार? रेघा मीच मारायची ना."

"मग वहिनीला का धरलंस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी अजून चौथीतली पोर आहे. "तुझं लग्न व्हायचं होतं," ती बोलली. "आनि ती फ्लॅटवाली, ती काय आपली होती." मग बोलली, "पाठ पूस नीट. ओलं राहिलंय."

मी पाठ पुसली. कोरडं कापड घातलं, पेज भरवली. त्यानंतरही ती असेपर्यंत रोज केलं, एक दिवस चुकवला नाही. पण तिच्या अंगाला हात लावताना मला जी शिसारी यायची ती तिच्या घाणीची नव्हती, घाण काय, मी पोरांची काढली, नवऱ्याची काढली. मला वाटायचं, ही आणि मी, आम्ही दोघींनी एकमेकींना न सांगता मिळून एक बाई घराबाहेर काढली, आणि इतकी वर्षं एका ताटात जेवलो.

आई गेल्यावर तेरावं झालं आणि मी नालासोपाऱ्याला गेली. बिल्डिंग सापडली, मजला सापडला. दार दुसऱ्याच बाईने उघडलं, हिंदी बोलणारी. तिच्या आधी दोन कुटुंबं राहून गेलेली, कारकुनाचं घर कोणाला ठाऊक नव्हतं. खाली वाण्याला विचारलं, तो बोलला, "आजी, इथं रोज माणसं येतात आणि जातात, कोण लक्षात ठेवणार?" आमच्या नात्यातलं कोणी म्हणतं तिचं परत लग्न झालं विरारला, कोणी म्हणतं नाही केलं, शिवणक्लास चालवते. मला खरं काय ते कळलं नाही.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्यात कोणी मंगलला ओळखत असेल, माहेर नालासोपाऱ्याचं, पहिलं सासर होळीकडच्या पानवेलीच्या वाडीत, उजव्या भुवईत लहानसा तीळ, तर हे तिच्या घरी जाऊन वाचा. एकटीला वाचून दाखवू नका, आळ सहा माणसांसमोर आला होता. तिची माणसं असतील ती, पोरं, सुना, शेजारणी, सगळ्यांना बसवा आणि मोठ्याने वाचा. ती मध्येच म्हणेल, राहू दे आता. ती तसंच म्हणेल. तरी थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.